स्प्लेंडर, गच्ची आणि स्प्रे कॅन: घरच्या घरी रंगकामाच्या नोंदी

३० नोव्हेंबर, शनिवार

ठरलं एकदाचं. बाबांची स्प्लेंडर प्लस या थंडीत रंगवायची म्हणजे रंगवायचीच. २००६ ची गाडी आहे, इंजिन अजून एका किकमध्ये उठतं, पण टाकीच्या तोंडाभोवतीचा रंग पेट्रोल सांडून सांडून पार उडालाय, डाव्या बाजूला गुडघा टेकतो तिथे एक पोचा आहे आणि साइड पॅनल ऊन खाऊन इतके राखाडी पडलेत की गाडी काळी आहे हे सांगावं लागतं. १५ वर्षं भरली तेव्हा रजिस्ट्रेशन ५ वर्षांसाठी वाढवून घेतलं होतं, आता २०२६ ला परत दाखवायला न्यायची आहे, तोपर्यंत गाडी नीट दिसायला हवी. रंग काळाच ठेवणार. आरसीवर काळा लिहिलाय, बदलायचा झाला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आणि खरं सांगायचं तर स्प्लेंडर म्हटली की काळी आणि त्यावर जांभळे पट्टे, माझ्या डोळ्यासमोर दुसरं काही येतच नाही.

गॅरेजला न देता स्वतः करायचं कारण एवढंच की मला हे काम सावकाश करायचंय, प्रत्येक थराला लागेल तेवढा वेळ देऊन. कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन ठेवायला विक्रोळीतल्या कन्नमवार नगरच्या आमच्या घरात जागा नाही, त्यामुळे स्प्रे कॅन. मोटरसायकलचे पार्ट छोटे असतात, टाकी, दोन पॅनल, मागचा काऊल म्हणजे सीटच्या मागचं कव्हर, पुढचं मडगार्ड आणि हेडलाइटचा व्हायझर. एवढ्या आकाराला कॅन पुरतो. कारचं बॉनेट असतं तर मी कॅनच्या वाटेला गेलो नसतो.

सेक्रेटरी काकांना गच्चीबद्दल विचारलं. ते म्हणाले कर बाबा, फक्त पाण्याच्या टाक्यांची झाकणं बंद ठेव आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या दिवशी नको. दोन्ही मान्य.

१ डिसेंबर, रविवार

गाडी खोलली. सीटचे दोन बोल्ट, सीटखाली टाकीचा मागचा बोल्ट, पेट्रोलचा कॉक बंद करून पाइप काढला आणि टाकी मागे ओढून उचलली. पेट्रोल आधीच डब्यात काढून बाबांच्या मित्राच्या गाडीत ओतलं. रिकामी टाकी म्हणजे धोका संपला असं अजिबात नाही, उलट भरलेल्या टाकीपेक्षा आत वाफ भरलेली रिकामी टाकी जास्त वाईट, त्यामुळे झाकण उघडं ठेवून ती गच्चीच्या कोपऱ्यात सावलीत ठेवली आणि वास पूर्ण जाईपर्यंत तिच्याजवळ ना ड्रिल ना हेअर ड्रायर.

साइड पॅनल रबरी बुशांमध्ये अडकवलेले असतात, सरळ आपल्याकडे ओढायचे, तिरके ओढले की मागच्या खुंट्या मोडतात आणि मग पॅनल आयुष्यभर खडखडतं. एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढलं आणि जो बोल्ट जिथला तिथे टोचून ठेवला.

४ डिसेंबर, बुधवार

ऑफिसातून लवकर सुटून मस्जिद स्टेशनला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीटला खरेदी. वॉटर पेपर म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, १८० पासून ३००० नंबरपर्यंत (नंबर मोठा तितका पेपर बारीक), राखाडी प्रायमर, प्लास्टिकचा वेगळा प्रायमर, ग्लॉसी काळा, पॉलिएस्टर लांबी (पोचा भरायची पुट्टी) आणि हार्डनर, मास्किंग टेप, आणि टू-के क्लिअरचे, म्हणजे रंगावर मारायच्या पारदर्शक थराचे, दोन कॅन. हे टू-के साध्या क्लिअरपेक्षा कितीतरी महाग आहे, तरी घेतलं, कारण खाली लिहितोच.

साधा क्लिअर म्हणजे वन-के, त्यातलं थिनर उडून गेलं की तो सुकतो, आणि जे थिनर उडाल्यामुळे सुकतं ते तसल्याच द्रवाने परत मऊ पडू शकतं. पेट्रोल हा तसलाच द्रव. टू-के मध्ये हार्डनर वेगळ्या कप्प्यात असतो, कॅनच्या बुडाशी असलेली पिन दाबली की तो आत फुटतो आणि तिथून रासायनिक क्रिया सुरू होते, सुकलेला थर परत विरघळत नाही. पण एकदा पिन दाबली की तो कॅन उद्या-परवापर्यंतच कामाचा, नंतर आतल्या आत घट्ट होतो. त्यामुळे सगळं तयार झाल्याशिवाय पिनला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट मास्कची. टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसाला फार वाईट, एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासानेही दम्याचा त्रास होऊ शकतो. कापडी मास्क किंवा कोविडच्या वेळचा मास्क इथे काहीही कामाचा नाही. ऑरगॅनिक व्हेपरचे नवे कार्ट्रिज आणि पुढे धुळीचा फिल्टर असलेला मास्क घेतला, सोबत गॉगल आणि नायट्राइलचे ग्लोव्ह्ज. बंद खोलीत टू-के मारण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये.

८ डिसेंबर, रविवार

आज धुणं आणि घासणं. आधी सगळे पार्ट भांडी घासायच्या लिक्विडने दोनदा धुतले. बाबांनी इतकी वर्षं प्रेमाने गाडीला पॉलिश मारलंय, आणि त्या चकचकीत पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, ते राहिलं की नवा रंग तिथून बाजूला सरकतो आणि गोल गोल डोळे पडतात. घासायच्या आधी धुणं महत्त्वाचं, नाहीतर तेच सिलिकॉन पेपरने ओरखड्यांच्या आत दाबलं जातं.

स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून काढले, उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने. टाकीची वाफ तोपर्यंत पूर्ण गेली होती, तरी तिचं काम शेवटी आणि उघड्यावर केलं.

सगळा जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा नाही असं ठरवलं होतं. कंपनीचा रंग जिथे घट्ट बसलाय तिथे त्याच्याइतका चांगला पाया मला कॅनमधून मिळणार नाही. तिथे ४०० ने फक्त चमक मारली. जिथे रंग उडालाय तिथे मात्र २२० ने कडा इतक्या उतरत्या केल्या की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागत नाही. ही बोटाची परीक्षा खालच्या मजल्यावरच्या काकांनी शिकवली, त्यांची अख्खी नोकरी डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमध्ये गेली. ते म्हणतात हातावर पातळ कापड घेऊन फिरव, उघड्या बोटापेक्षा जास्त कळतं. खरंच कळतं.

टाकीच्या तोंडाभोवती रंगाखाली गंज शिरला होता, बाहेरून दिसत होता त्याच्या दुप्पट आत. फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज काढायचं लिक्विड लावलं, घासलं, परत लावलं, पाण्याने धुऊन लगेच कोरडं केलं. आपल्याकडच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी त्यावर नारिंगी धूर बसलेला असतो, म्हणून त्याच दुपारी उघड्या पत्र्यावर प्रायमरचा पातळ हात मारून टाकला.

१५ डिसेंबर, रविवार

पोचा भरला. लांबी घालायच्या आधी पोच्याच्या आतला रंग पूर्ण काढून पत्रा १८० ने खरखरीत केला, लांबीला धरायला काहीतरी लागतं. हार्डनर अगदी थोडा, लांबीच्या २-३ टक्के, पट्टीने चेपून चेपून मिसळायचा, ढवळायचा नाही, कारण ढवळलं की हवा शिरते आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. मिसळल्यावर काही मिनिटंच हातात असतात, लगेच घट्ट व्हायला लागते.

पहिला हात आतपर्यंत दाबून, दुसरा पोच्याच्या बाहेर दोन बोटं पसरवून. सुकल्यावर लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासलं, टाकीच्या वळणाला तिरकं तिरकं, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने. नुसत्या हाताने घासलं तर बोटांच्या मधल्या खळग्यांचं चित्र लांबीवर उमटतं, आणि काळ्या ग्लॉसी रंगात ते सगळ्या गल्लीला दिसेल. काळा रंग काहीही लपवत नाही, पांढऱ्या गाडीत खपून जाईल असा बारीकसा खड्डाही यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं करतो.

खालचे काका संध्याकाळी वर आले, टाकी हातात घेतली, खिडकीकडे तोंड करून तिरकी धरली, आणि म्हणाले, "बाळा, इथे अजून एक हात." बोट ठेवलं तिथे मला काही दिसतही नव्हतं. दिला अजून एक हात, घासल्यावर लांबी नेमकी तिथे उरली, म्हणजे खड्डा होताच.

२१ डिसेंबर, शनिवार

आता हवेबद्दल लिहायचंय, कारण मुंबईत कॅनने रंग मारणाऱ्याला सगळ्यात जास्त हीच गोष्ट माहीत हवी आणि कॅनच्या मागे हे कुणी धड लिहीत नाही.

कॅनमधलं थिनर फार पटकन उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेत दमटपणा जास्त असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमून ओल्या रंगात अडकतं. मग काळ्यावर दुधी पापुद्रा दिसतो. पावसाळ्यात तर हे काम करूच नये, पण थंडीतही सकाळी लवकर नको. छोटं डिजिटल आर्द्रता मीटर घेतलंय, गच्चीवर ठेवून आठवडाभर आकडे लिहिले. सकाळी ७ ला ८० टक्क्यांच्या आसपास, सूर्य वर आला की भराभर उतरतं, ११ च्या पुढे ४५ च्या खाली. मग दुपारी समुद्राकडून वारं फिरलं की परत चढायला लागतं. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला आले. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा कोरडा, आणि खारे वारे सुरू व्हायच्या आधीचा जो वेळ आहे, साधारण साडेदहा ते एक, तो रंगाचा वेळ. विक्रोळी खाडीला लागून आहे, तरी या वेळात हवा चांगली कोरडी मिळते.

धूळ हा दुसरा शत्रू. आमच्या आजूबाजूला म्हाडाच्या जुन्या बिल्डिंग पाडून टॉवर उभे राहतायत, गच्चीवर रोज सकाळी बारीक पांढरा थर असतो. कपडे वाळत घालायचा स्टँड, दोन बांबू आणि वर-मागे-बाजूला प्लास्टिकचा कागद असा तीन बाजूंनी बंद मांडव केला, पुढची बाजू उघडी, म्हणजे वाफ बाहेर जाते. वर्कशॉपमध्ये जमीन भिजवून ठेवतात धूळ बसावी म्हणून, पण इथे भिजवलं तर दमटपणा आपणच वाढवतो, म्हणून नुसता ओला फडका फिरवून लादी सुकू दिली. अंगात जुना रेनकोट, कारण सुती शर्टाचे तंतू उडून रंगात पडतात.

आज प्लास्टिकचे पार्ट घेतले. आधी प्लास्टिकचा प्रायमर, पातळ, हा विसरला तर वरचा रंग नखाने सोलून निघतो. मग राखाडी प्रायमर. सुकल्यावर ६०० ने पाणी लावून घासले.

२२ डिसेंबर, रविवार

प्लास्टिकच्या पार्टना काळा आणि क्लिअर, दोन्ही.

कॅन कोमट पाण्यात ठेवला, कोमट म्हणजे हात आरामात बुडेल इतकंच, ५० डिग्रीच्या वर कॅन फुटू शकतो. थंड कॅनचा फवारा जाड थेंबांचा येतो, कोमट कॅनचा बारीक. आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवायचा. पार्टपासून वीतभर अंतर, आणि नोझल पार्टच्या बाहेर असतानाच दाबायचं, हात सरळ न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच सोडायचं. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. मनगट वळवून कमानीत फिरवलं तर मधे जाड आणि कडेला कोरडं पडतं, खांद्यापासून हात हलवायचा.

पहिला हात इतका पातळ की खालचा राखाडी दिसत राहतो, त्याने झाकायचं नसतं, पुढच्या हाताला धरायला चिकट पाया द्यायचा असतो. १० मिनिटं थांबून दुसरा, परत थांबून तिसरा. ओघळ येतात ते घाईने दोन हातांचं काम एकात केल्याने.

मग टू-के. गच्चीवर कुणी नाही हे बघून दाराला आतून कडी, टाक्यांची झाकणं बंद, मास्क. पिन दाबली, हलवला, पहिला हलका हात, थांबून दोन ओले हात. ओला हात कसा ओळखायचा तर उन्हाकडे तिरकं बघत मारायचं, फवाऱ्याच्या मागे मागे चमकती ओली रेघ सरकताना दिसते, ती रेघ तुटली की हात जलद जातोय आणि रेघ फुगायला लागली की हळू.

कॅनमध्ये उरलेल्या क्लिअरचा उपयोग म्हणून डालड्याच्या जुन्या डब्याची दोन झाकणं काळी करून ठेवली होती, एकावर वन-के मारला आणि एकावर हा टू-के. आठवडाभर सुकू देत.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. टाकीला प्रायमर, तीन हात. सुकल्यावर लांबून काळ्याचा नुसता शिडकावा मारला, गाइड कोट. मग ६०० ने ठोकळ्यावर पाणी लावून घासलं की उंच जागचे काळे ठिपके आधी जातात आणि खोल जागचे तसेच राहतात, म्हणजे खड्डे कुठे आहेत ते राखाडीवर काळं दिसतं. तोंडाच्या बाजूला दोन बारीक ओरखडे सापडले, तिथे प्रायमरचा अजून एक हात, परत घासणं, शेवट ८०० ने.

२८ डिसेंबर, शनिवार

टाकीला रंग लावायच्या आधी झाकणांची परीक्षा. बाबांना वर बोलावलं. ड्रॉपरने दोन्ही झाकणांवर पेट्रोलचे चार चार थेंब टाकले आणि दोन मिनिटं थांबलो. वन-केवाल्या झाकणाची चमक आधी गेली, मग कडेने बारीक सुरकुती पडली, आणि फडक्याने पुसलं तर फडक्यावर काळा डाग आला, बोटाला चिकट लागत होतं. टू-केवालं पुसलं आणि खाली जसंच्या तसं, नख दाबूनही खूण नाही. बाबा झाकण उलटसुलट करून बघत म्हणाले, "मग जास्त पैसे गेले ते बरोबर गेले." पंपावर टाकी फुल केल्यावर तोंडातून ओघळ येतोच, मुंबईत कुठल्याही पंपावर जा, त्यामुळे टाकीला वन-के मारून पुढच्या दिवाळीपर्यंत परत तोंड उघडं पडू देण्यात काय अर्थ आहे. बाकीच्या पार्टना वन-के चाललं असतं, टाकीला नाही, हे माझं स्पष्ट मत.

आर्द्रता मीटर ४३. टाकी उपड्या बादलीवर पाट ठेवून त्यावर ठेवली, म्हणजे हात न लावता पाट फिरवून सगळ्या बाजू मारता येतात. तोंड आणि कॉकचं भोक टेपने बंद. काळ्याचे हात वर लिहिलेत तसेच, फक्त खालच्या कडा आणि टाकीच्या पोटाखाली फ्रेम बसते त्या बोगद्याजवळची वळणं आधी मारून घेतली, वरचा मोठा भाग शेवटी, नाहीतर कडेचा कोरडा फवारा वरच्या ओल्या रंगावर उडून खरखर येते.

संध्याकाळी जांभळे पट्टे. नवा सेट स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलाय. ताज्या वन-के काळ्यावर साबणाचं पाणी नको म्हणून कोरडेच लावले, मधून सुरुवात करून कडेकडे बोटाने हवा काढत. दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून टाकीच्या मधल्या शिवणीपासून टेपने मापं घेतली. आईने एका बाजूचं टोक धरलं, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, रांगोळीचा हात.

२९ डिसेंबर, रविवार

टाकीला टू-के. पट्ट्यांवर पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे हलके, कारण एकदम ओला हात मारला तर क्लिअरमधलं थिनर स्टिकरच्या कडा उचलतं. मग दोन ओले हात. शेवटच्या हाताला मध्यभागी एक चिलट येऊन बसलं. हात लावला नाही. ओल्या क्लिअरमध्ये काही पडलं तर ते तिथेच राहू द्यायचं, चिमट्याने काढायला गेलं की खड्डा पडतो आणि खड्डा भरणं अवघड, उंचवटा घासणं सोपं.

मांडवाची पुढची बाजू सैल पडदा टाकून अर्धी झाकली आणि टाकी संध्याकाळपर्यंत तिथेच.

५ जानेवारी, रविवार

काही केलं नाही. क्लिअर हाताला कोरडा लागतो पण आतून पिकायला वेळ लागतो, आणि मऊ क्लिअरवर कंपाऊंड (चमक आणायची पॉलिश पेस्ट) मारलं की चमक येते आणि पुढच्या आठवड्यात मरते. टाकी घरात कपाटावर. सोसायटीतली पोरं आत्तापासून मांजा घेऊन गच्चीवर फिरतायत, संक्रांतीच्या आधी मांडव उतरवून गच्ची त्यांना मोकळी करून दिली.

१२ जानेवारी, रविवार

पॉलिश. १५०० ने पाण्यात थेंबभर लिक्विड सोप टाकून घासलं, फक्त जिथे संत्र्याच्या सालीसारखा पोत होता आणि चिलटाच्या जागी. पृष्ठभाग सगळीकडे सारखा धूसर दिसला की थांबायचं, मधे चमकते ठिपके उरले तर तिथे अजून खोल आहे. मग २०००, मग ३०००. कडांना आणि टाकीच्या शिवणीला मास्किंग टेप लावून ठेवली होती, तिथे थर सगळ्यात पातळ असतो आणि पेपर दोन फेऱ्यांत आरपार जातो. शेवटी कंपाऊंड, मऊ फडक्याने, हाताने. मशीन मुद्दाम नाही वापरलं, छोट्या वळणांवर मशीन गरम करतं.

चिलटाची जागा आता बोटालाही लागत नाही. काका परत आले, परत खिडकीकडे तिरकी धरली, यावेळी काही न बोलता खाली ठेवली आणि चहा घेतला. माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.

१९ जानेवारी, रविवार

जोडणी. टाकीच्या खालचे रबर नवे घातले, जुने कडक झाले होते आणि त्यातूनच टाकी हलून फ्रेमला घासत होती, नवा रंग तसाच घासू द्यायचा नव्हता. पेट्रोलचा पाइप आणि झाकणाचं रबरही नवं, झाकणाचं रबर कडक असेल तर ब्रेक मारला की पेट्रोल बाहेर येतं आणि तोंडाचा रंग आधी तिथूनच जातो. बोल्ट घट्ट करताना वॉशरखाली टेपचा तुकडा ठेवला. कॉक उघडून दहा मिनिटं बघितलं, कुठे गळती नाही, मग किक. बाबा स्वतः पहिली फेरी मारून आले, कन्नमवार नगर ते टागोर नगर आणि परत.

बाकी राहिलंय ते चेन कव्हर आणि मागच्या मडगार्डची आतली बाजू. चेन कव्हरला ग्लॉसी नको, दगड-माती उडून लगेच दिसेल, सॅटिन काळा मारणार. मडगार्डच्या आतून आधी वायर ब्रशने चिखल काढून गंज किती आहे ते बघायचं आहे. दोन्ही फेब्रुवारी संपायच्या आत, हवा परत दमट व्हायला लागेल त्याआधी.